भिंत कोणाची, भार कोणाचा?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आता अपुरी पडू लागली आहे. बांधलेले घर फोडून पाहण्याची हौस आज सर्वत्र दिसते. बैठक, जेवणघर आणि स्वयंपाकघर यांमधील भिंती काढून एकच प्रशस्त दालन करावे, उजेड-वारा खेळावा, ही इच्छा मुळीच गैर नाही. सिल्वाशाजवळच्या मसाटसारख्या कारखानदारीने वाढलेल्या गावी, आटोपशीर सदनिकेत संसार थाटणाऱ्यांस ती होणे स्वाभाविक आहे. आमची हरकत त्या इच्छेला नाही. भिंत म्हणजे केवळ आडोसा, या समजुतीला आहे.

याच दादरा-नगर हवेलीतील वारली बांधवांचे जुन्या धर्तीचे घर पाहावे. तेथे लाकडी मेढी छपराचा भार पेलतात. शेणमातीने लिंपलेला कारवीचा कूड आडोशापुरता असतो. कूड काढला तरी छप्पर जागचे हलत नाही. भार कोण वाहतो, हे त्या घरात पोरासोरांनाही दिसते. विटांच्या घरात मात्र हे ज्ञान गिलाव्याखाली झाकले गेले आहे. तेथील नऊ इंची भिंत बहुधा वरचा स्लॅब, वरची भिंत आणि वरच्यांचा सारा संसार पेलून उभी असते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवरील पाच इंची स्लॅबचेच वजन सुमारे साडेतीन टन भरते. खांब-तुळयांच्या इमारतीत पुष्कळ भिंती नुसत्या पडद्या असतात हे खरे. परंतु कोणती भिंत कशी, हे टिचक्या मारून ठरत नाही. त्यासाठी बांधकामाचा नकाशा आणि तो जाणणारा अभियंता लागतो.

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथील ‘साई दर्शन’ ही इमारत कोसळली आणि १७ जण प्राणास मुकले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत इमारतीच्या आधारालाच हात घातला गेला, असा आरोप तेव्हा झाला. वरच्या मजल्यांवरील कुटुंबांनी हातोडा उचलला नव्हता. किंमत मात्र त्यांनी मोजली. त्यातच नोव्हेंबर २०१८ पासून शेजारच्या डहाणू-तलासरी भागाने भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवली आहे. एरवी तग धरून राहिलेली दुबळी इमारत अशा धक्क्यात दगा देते, हे या परिसराने विसरून चालणार नाही.

मग भिंत काढूच नये काय? तसे नव्हे. अभियंत्याने हिशेब करावा, आधी टेकू देऊन वरचा भार तोलून धरावा, भिंतीच्या जागी पुरेशी पोलादी वा काँक्रीटची तुळई भक्कम टेकणावर बसवावी आणि मगच वीट हलवावी, हा शास्त्रशुद्ध मार्ग आहे. त्याला पैसा व वेळ लागतो. म्हणूनच अनेकजण ठेकेदाराच्या ‘काही होत नाही, शेठ’ या शब्दावर विसंबतात. आम्ही मुहूर्त पाहतो, दिशा पाहतो, वास्तुशांत करतो. वास्तूचा भार कोठे टेकला आहे एवढेच पाहत नाही! हा कसला वास्तुधर्म?

प्रशासनाने लेखी दाखल्यावाचून असे काम सुरू होऊ देऊ नये. गृहसंस्थांनी मूळ नकाशे जपून ठेवावेत आणि कोणाच्या घरी हातोडा वाजू लागताच भीड न धरता विचारणा करावी. त्यात शेजारधर्म मोडत नाही, उलट तो पाळला जातो.

आपल्या घरात प्रत्येकजण राजा आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण स्वातंत्र्य म्हणजे मनमानी नव्हे. ज्या भिंतीवर दुसऱ्याचे घर टेकले आहे, ती भिंत कागदोपत्री कोणाचीही असो, एकट्याची नव्हे. पहिला घाव घालण्यापूर्वी एवढे ध्यानी धरले, तर दालन प्रशस्त होईल आणि वरच्या मजल्यावरचे शेजारीही निर्धास्त झोपतील.