ईआरपी आली, जोडणीचे काय?

कारखान्यात ईआरपी, म्हणजे सगळा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर, बसते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवसापासून डिस्पॅचच्या टेबलावरचा माणूस एकच बिल तीनदा भरू लागतो: एकदा ईआरपीत, एकदा ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर आणि एकदा ज्या मोठ्या कंपनीला माल जातो तिच्या पोर्टलवर. भोसरी, चाकण, वाळूजच्या लघुउद्योजकाला यात नवल वाटत नाही. सॉफ्टवेअरवर लाखो रुपये घालणारा मालक जोडणीच्या सर्व्हरचे नाव काढले की मात्र हात आखडता घेतो.

ही काटकसर आता परवडणारी नाही. ई-इनव्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींपर्यंत खाली आली, म्हणजे लघुउद्योजकही तिच्या कक्षेत आला.

सॉफ्टवेअरचा विक्रेता सांगतो, ‘जोडणीसाठी एपीआय आहे, दोन दिवसांत जोडून देतो.’ देतोही. पण सहा प्रणाली एकमेकींना थेट जोडायच्या तर १५ जोडण्या होतात. दहा झाल्या की ४५. एकीत साधे अपडेट आले तरी काय बिघडले हे शोधायला तो जोडणारा पोरगाच लागतो, आणि तोवर त्याने नोकरी बदललेली असते. मधे जोडणीचा, म्हणजे इंटिग्रेशन सर्व्हर असला तर प्रत्येक प्रणाली फक्त त्याच्याशी बोलते. ईआरपीतले ‘नग’ समोरच्याला हव्या त्या कोडमध्ये बदलणे, निरोप रांगेत धरून ठेवणे, कधी काय गेले याची नोंद ठेवणे, ही कामे त्याची.

खरी कसोटी नेट गेल्यावर लागते. बिल पाठवले, उत्तर आले नाही. पोहोचले की नाही? साधी स्क्रिप्ट डोळे मिटून तेच बिल पुन्हा पाठवते. ई-इनव्हॉइसच्या पोर्टलने अशा दुबार बिलांचा बंदोबस्त केला आहे. तिथला बिलाचा ६४ अक्षरी संदर्भ क्रमांक (आयआरएन) विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिलाचा प्रकार, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरूनच बनतो. त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा आले की पोर्टल नाकारते. (सरकारी पोर्टलला ऊठसूट नावे ठेवणाऱ्यांनी हेही पाहावे.) गोदामाच्या किंवा वाहतूकदाराच्या प्रणालीत असा पहारा असेलच असे नाही, तिथे एका ऑर्डरवर दोन गाड्या निघू शकतात. म्हणून प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक हवा, आणि अडकलेले निरोप वेगळ्या रांगेत, कुणाच्या तरी नजरेसमोर हवेत.

जोडणीतली घाई मोठ्यांनाही भोवते. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९च्या जुलैत सॅप, सीबेल आणि मॅन्युजिस्टिक्स या तीन सॉफ्टवेअरची मोट एकदम बांधली, तीही हॅलोविनच्या ऑर्डरी येत असताना. माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत.

आपल्याकडे दिवाळीच्या किंवा ३१ मार्चच्या तोंडावर नवी जोडणी सुरू करण्याचा हट्ट बहुधा मालकाचाच असतो. तो सोडून त्याने कोटेशन देणाऱ्याला एवढेच विचारावे: रात्री अडीच वाजता पोर्टल बंद पडले तर बिल कुठे थांबेल, आणि सकाळी ते कुणाला दिसेल? उत्तर लेखी घ्यावे, मगच ॲडव्हान्सचा चेक फाडावा.