पऱ्हाटीतला कामगंध

पऱ्हाटीला पाती धरली की शेतात कामगंध सापळे टांगायला हवेत. त्यातल्या रबरी ल्यूरला मादी पतंगाच्या सादेचा वास असतो. तो वास माणसाच्या हाती यायला पिढ्या लागल्या.

फ्रान्समधल्या सेरिन्याँ गावात झाँ-आंरी फाब्र यांच्या घरी मे महिन्यातल्या एका सकाळी मोठ्या मोरपतंगाची मादी कोशातून बाहेर आली. त्यांनी तिला जाळीखाली ठेवले. रात्री काळोखातून चाळीसएक नर येऊन थडकले. पुढे फाब्र यांनी नॅप्थॅलिनचा उग्र वास पसरवून पाहिला, तरी नर चुकले नाहीत. ही साद कशाची, हे कोडे ते मागे ठेवून गेले.

उत्तर मादीच्या पोटाच्या टोकाशी होते. रेशीमपतंगाची मादी आठव्या आणि नवव्या खंडांमधल्या पडद्यातून दोन पिवळसर पिशव्या बाहेर काढते. रक्तद्रवाच्या दाबाने त्या फुगतात, साद संपली की आत ओढल्या जातात. या ग्रंथीला नळी नसते. त्वचेच्याच पेशी तिथे उंच वाढतात, शरीरातल्या साध्या मेदाम्लापासून गंध घडवतात आणि तो वरच्या कवचातून झिरपून वाऱ्यावर जातो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे 20 वर्षे खपून, जवळपास 5 लाख माद्यांच्या ग्रंथींतून या गंधाचे जेमतेम काही मिलिग्रॅम मिळवले. 1959 मध्ये हा गंध ‘बॉम्बिकॉल’ या नावाने जगापुढे आला. 1973 मध्ये गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचा गंधही उलगडला: जुळे म्हणावेत अशा दोन रेणूंचे समसमान मिश्रण. आज आपल्या ल्यूरमध्ये तेच असते.

या ज्ञानाची विदर्भाला किती निकड आहे, हे 2017 ने दाखवले. बीटी कपाशीतही बोंडअळीने बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याआधी पतंग उडू लागले, ही खबर सापळा देतो. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ झाली. तोवर डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुले, वेचाव्यात आणि पंप खांद्यावर घेऊ नये.

अमेरिकेने 2018 मध्ये आपल्या कपाशीतून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. त्यासाठी कामगंध, बीटी वाण, वंध्य केलेले पतंग आणि हंगामानंतर पऱ्हाटीची विल्हेवाट हे सारे उपाय शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे एकजुटीने राबवले. आपल्याकडे मात्र एका शेतात सापळा आणि शेजारी हंगामानंतरही राखलेली फरदड उभी, असे चित्र दिसते. पतंग बांध ओळखत नाही.

म्हणून कृषी विभागाने सापळे वाटून थांबू नये. गावोगावी रोज सकाळी पतंग मोजले जावेत आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. 5 लाख माद्या तपासण्याचा धीर एका प्रयोगशाळेने दाखवला. सकाळी आठ पतंग मोजण्याचा धीर प्रत्येक गावाने धरला, तर त्या कष्टांचे चीज आपल्या शिवारात होईल.