ओळी मोजून घ्या

ऑक्टोबर 2020च्या सुरुवातीला इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आले, की 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 कोरोनाबाधित रोजच्या आकड्यांत आलेच नव्हते. प्रयोगशाळांनी त्यांची माहिती पाठवली होती. पण पुढे जाताना ती एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस प्रकारच्या फाइलमधून गेली. त्या फाइलमध्ये 65,536 ओळींच्या वर काही मावत नाही. उरलेल्या नोंदी गळाल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही. रुग्णांना आपापला अहवाल मिळाला. त्यांच्या सहवासात आलेल्यांना गाठायला मात्र उशीर झाला.

हे काम हाताने नव्हे, आपोआप चालले होते. म्हणून नुसती स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची फाइल, लिहून भागत नाही. किती ओळी निघाल्या आणि किती पोचल्या, हे ताडून पाहणारी आणि फरक पडला तर काम थांबवणारी सूचना तिच्यात असलीच पाहिजे.

आपल्याकडच्या संशोधनात बहुतेक ठिकाणी स्क्रिप्टपर्यंतही गाडी येत नाही. सर्वेक्षणाची माहिती एक्सेलमध्ये भरायची, तिथून एसपीएसएस किंवा ‘आर’ या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवायची, आलेले तक्ते पुन्हा आलेखासाठी एक्सेलमध्ये आणायचे. मधल्या मध्ये कुठला रकाना कुणी दुरुस्त केला, याची नोंद कुठेच राहत नाही.

नुसता तारखांचा रकाना घ्या. 5 मार्च म्हणून 05/03/2024 असे भरले, पण संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर एक्सेल त्याचा 3 मे करते. खालच्याच ओळीतल्या 25/03/2024 मध्ये पंचविसावा महिना सापडत नाही, म्हणून तो निव्वळ मजकूर म्हणून राहतो. एकाच रकान्यात दोन जाती तयार होतात आणि पडद्यावर दोन्ही तारखाच दिसतात. बरोबर भरलेली 5 मार्च 2024 ही तारीखही एक्सेलच्या पोटात 45356 या आकड्याच्या रूपात असते. ‘आर’ दिवस मोजते 1 जानेवारी 1970पासून. एक्सेलच्या मोजणीत 1900 सालचा कधीच न उगवलेला 29 फेब्रुवारीसुद्धा धरलेला आहे, त्यामुळे हा आकडा ‘आर’मध्ये उलगडताना आरंभ 30 डिसेंबर 1899 द्यावा लागतो. इतकी बारीक गोष्ट दर वेळी माणसाने लक्षात ठेवावी ही अपेक्षाच चुकीची आहे. ती एकदा स्क्रिप्टमध्ये लिहावी. बँक खात्यांच्या क्रमांकांचेही तेच: पंधरा अंकांपुढचे सगळे अंक एक्सेल शून्य करून टाकते, म्हणून असा रकाना आधीपासूनच मजकूर म्हणून भरावा आणि तसाच वाचावा.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, ती स्क्रिप्टने वाचायची आणि निकाल नव्या फाइलमध्ये लिहायचा, एवढीच शिस्त पाळायची आहे. एक्सेलची फाइल ‘आर’मध्ये वाचणारी ‘रीडएक्सएल’सारखी पॅकेजेस फुकट आहेत, ‘आर’ही फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने संगणक शिकवणारे धडे मराठीतही आणले आहेत. पैसे नाहीत ही सबब इथे चालणार नाही.

प्रबंधातला छापील तक्ता पाहून मार्गदर्शक आणि परीक्षक समाधान मानतात, हे थांबायला हवे. विद्यापीठांनी आकडेवारीवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधासोबत मूळ फाइल आणि स्क्रिप्ट जमा करून घ्यावी, आणि परीक्षकाने ती आपल्या संगणकावर चालवून तक्त्यातले आकडे तेच येतात का, हे मौखिक परीक्षेच्या आधी पाहावे.