हुकूमनाम्यानंतरचा सल्ला

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकांची तरतूद केली. पुण्याच्या कुटुंब न्यायालयातही ते आहेत. परंतु त्यांचे कार्य मुख्यतः समेटासाठी. हुकूमनाम्यानंतर घटस्फोटित स्त्री एकटीच उरते. ‘दोष माझाच, आयुष्य संपले’ असे विचार पुराव्यावर तपासण्यास ॲरन बेक यांचा बोधात्मक वर्तनोपचार शिकवितो. अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजविला. हे साहाय्य तिला न्यायालयाच्याच आवारात, हुकूमनाम्यानंतरही मिळावयास हवे. मात्र ‘घरभाडे कसे भरावे?’ ही चिंता अविवेकी नव्हे. तिचे उत्तर वेळेवर मिळणारी पोटगी आणि रोजगार हेच. शासनाने मनाला आधार जरूर द्यावा. पण त्याला पोटगीचा पर्याय समजू नये.