तोब्रुकचे कैदी कोणाचे?

21 जून 1942 रोजी लिबियातील तोब्रुक पडले आणि दोस्तांचे सुमारे 33 हजार सैनिक शत्रूच्या हाती लागले. त्यांत अकराव्या हिंदी ब्रिगेडमधील पाचव्या मराठा पलटणीची दुसरी बटालियन होती. हिंदी युद्धकैद्यांपैकी हजारो जण समुद्रापार इटलीतील छावण्यांत कोंडले गेले.

त्या छावण्यांवर पाश्चात्त्यांनी ग्रंथ लिहिले, चित्रपट काढले. त्यांचा नायक बहुधा गोरा अधिकारी. आव्हेत्सानोच्या तारांमागील हिंदी शिपाई त्यांत क्वचितच भेटतो. आपल्याकडेही स्थिती फारशी वेगळी नाही. आव्हेर्सा येथील छावणीत अधिकारी म्हणून कैदेत असलेले कुमारमंगलम 1966 साली भारताचे सेनाप्रमुख झाले, तेथलेच याह्याखान 1969 साली पाकिस्तानचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कहाण्या रंगवून सांगितल्या जातात. शिपायाच्या वाट्याला मात्र केवळ एक क्रमांक आला.

"पोटासाठी साम्राज्याची चाकरी करणाऱ्यांचे कौतुक कशाला?" असे आपल्यातीलच काही साथी विचारतात. हा प्रश्न गरिबाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो आणि खऱ्या गुन्हेगाराला मोकळा सोडतो. सप्टेंबर 1939 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थानला युद्धात लोटले. कोरडवाहू शेतीने आणि सावकाराने ज्याला गावातून हुसकले, त्याच्यापुढे भरतीखेरीज कोणती वाट होती? तोब्रुक पडल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ऑगस्ट 1942 मध्ये, चिमूर-आष्टीच्या जनतेने त्याच सत्तेला आव्हान दिले. चिमूरचा बंदी आणि आव्हेत्सानोचा बंदी एकाच शेतकरी वर्गातून आले होते. एकाला वंदन करून दुसऱ्याला हिणवणे हे समाजवादी न्यायबुद्धीला शोभत नाही.

8 सप्टेंबर 1943 रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली. कैद्यांनी छावणी सोडू नये, असा लंडनहून आधीच हुकूम आला होता. परिणामी जर्मनांनी सुमारे 50 हजार दोस्त कैद्यांना उत्तरेकडे हाकलून नेले. जे निसटले, त्यांतील पुष्कळांना इटालियन शेतकऱ्यांनी आपल्या गोठ्यांत आसरा दिला, आपल्या भाकरीतील वाटा दिला. उघडकीस आल्यास शिक्षा मरणाची होती. श्रमिकांचा आंतरराष्ट्रीय बंधुभाव म्हणतात तो हाच. तो कोणत्याही हुकुमावाचून जागा झाला.

आणि युद्ध संपल्यावर? केवळ युद्धकाळापुरते भरती झालेले असंख्य शिपाई निवृत्तिवेतनाच्या हक्काविना घरी परतले. आज शौर्याचे पोवाडे गाणारे पुढारी ह्या हिशेबाविषयी मौन बाळगतात.

नागपूरच्या मिहानकडे पाहावे. शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव येथील शेतकऱ्यांची जमीन घेऊन तो प्रकल्प उभा राहिला. तेथेच 2017 साली दसॉ-रिलायन्सच्या विमान-उद्योगाची पायाभरणी झाली. युद्धाला माणूस हवा तेव्हा शेतकऱ्याचा मुलगा, आणि युद्धसामग्रीला जागा हवी तेव्हा शेतकऱ्याचे शेत! नफ्याच्या वाटपात आणि इतिहासाच्या पानावर मात्र त्याला स्थान नाही.

म्हणून शासनाकडे आपली मागणी स्पष्ट असावी: महाराष्ट्रातील दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैद्यांची गाववार सूची सरकारी खर्चाने प्रसिद्ध करावी. शासन हलेपर्यंत कार्यकर्त्यांनी थांबू नये. घराघरांतील जुनी सेवापुस्तके, पत्रे आणि वृद्धांच्या आठवणी गोळा करून गावच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. ज्यांची नावे राज्यकर्त्यांनी क्रमांकांत बुडविली, त्यांची नावे लोकांनीच वर काढली पाहिजेत.