ओट्याची परवानगी

आमच्या खोलीत ओटा नाही. आई साठीला आली, गुडघे गेले, अजून जमिनीवर बसून शेगडी पेटवते. म्हणून मालकाच्या मेहताजीकडे गेलो. म्हटलं, ओटा घालायचाय, आणि फोडणीचा ठसका जायला भिंतीत एक खिडकी.

मेहताजी म्हणाला, "लेटर लागेल. लेटरचे पन्नास हजार."

"पावती?"

"पावती कसली मागतोस रे?"

विटा, कडाप्पा, गवंडी सगळं धरून ओटा त्याच्या निम्म्यात होतो. मालकाचं नुसतं 'हो' त्याच्या दुप्पट!

मग मी कायदाच वाचला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम १६. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलंत, तर खोली खाली करायची. ह्याच ओळीवर मेहताजीचं दुकान चालतं. पण दोस्तांनो, खालचं स्पष्टीकरण कुणी वाचलंय? लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, हवेची खिडकी, धुराडं, हे कायमचं बांधकाम धरायचंच नाही. लागेल तिथं पालिकेची परवानगी काढायची. मालक ह्यात आला कुठून?

आता कलम १४. दुरुस्ती मालकानं करायची. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही केली नाही, तर भाडेकरूनं करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. पण कापायचं किती? वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा. आमचं भाडं महिना ९० रुपये. वर्षाचे १०८०. चौथा हिस्सा २७०. एवढ्यात सिमेंटची एक गोण येत नाही. हा हक्क म्हणायचा की थट्टा?

मालक म्हणतो, ह्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडं कमी आहे, कबूल. पण खोली हातबदल होताना तो जी रक्कम उचलतो, ती ह्या कायद्याच्या कलम ५६ नं रीतसर केली. ती कुठल्या वहीत लिहितो?

महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा. आपल्या लोकांनी पाणी घेतलं २० मार्च १९२७ ला, आणि त्याच दिवशी डोकी फुटली. हायकोर्टाचा निकाल १९३७ चा. ठराव आपल्याच बाजूचा होता की!

आणि आपण? आमच्या मजल्यावर सात खोल्यांनी लेटरचे पैसे भरलेत. गुपचूप. शेजारच्याला पत्ता नाही. १४ एप्रिलला हीच मंडळी घसा फुटेस्तोवर घोषणा देतात आणि स्टेजवर नारळ फोडायला बोलावतात मेहताजीला! मी बोललो तर म्हणाले, "कशाला नडतोस भावा? बिल्डर येईल तेव्हा यादीतून नाव गाळतील." ही भीती खोटी नाही. माझ्याही पोटात आहे. पण सात खोल्या एकत्र बसल्या असत्या तर सातांची नावं गाळणं सोपं होतं काय?

खिडकीचा अर्ज वॉर्ड ऑफिसात दिलाय. मालकाला स्पीड पोस्टानं कळवलंय, ओटा होतोय. गवंडी रविवारी सकाळी येईल. कडाप्पा तीन माळे वर चढवायचाय, चार माणसं लागतील. लेटरचे पैसे भरलेल्यांनी आधी हात लावावा.