पन्नास पैशांची पिशवी परत घेणार कोण?

दुधाची रिकामी पिशवी परत केल्यास ग्राहकाला पन्नास पैसे मिळतील, अशी घोषणा तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी २०१९ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत केली होती. राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात आणि त्यातून ३१ टन प्लास्टिकचा कचरा तयार होतो, असा हिशेबही त्यांनी त्या वेळी मांडला होता. त्यानंतर सरकारे बदलली, पर्यावरण खात्याचे मंत्रीही बदलले. दुधाच्या पिशव्या मात्र रोज पहाटे दारात पडतात आणि संध्याकाळपर्यंत कचऱ्याच्या डब्यात जातात. पन्नास पैशांचा तो व्यवहार शहरातील बहुतेक घरांनी कधी पाहिलाच नाही.

पन्नास पैशांचे नाणे कायदेशीर चलनात आहे, पण ते कोणी घेत नाही. सुट्ट्या रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवणारा दुकानदार अर्ध्या रुपयाचा परतावा कसा देणार, ही शंका घोषणेच्या दिवशीच घेतली गेली. तिच्यावर विनोदही पुष्कळ झाले. मात्र योजना अडली ती नाण्यावर नव्हे. दोन पिशव्यांमागे एक रुपया देता आला असता, महिन्याच्या दूध बिलातून वजावटही करता आली असती. अडचण याहून साधी होती. पिशवी परत घेण्याचे बंधन नेमके कोणावर, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या वेळेत, हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत कधीच ठरले नाही.

या योजनेचे मूळ २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर, २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा केला. त्याच्याच आधारे ही अधिसूचना निघाली. पिशव्या आणि थर्माकोलवरील बंदीमुळे ती गाजली, पण तिच्यात आणखी एक महत्त्वाची तरतूद होती. दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या यांवर सरसकट बंदी न घालता त्यांच्यासाठी पुनर्खरेदीची व्यवस्था उभारावी आणि परताव्याची किंमत वेष्टनावर छापावी, असे उत्पादक व विक्रेत्यांना सांगण्यात आले. पिशवीसाठी पन्नास पैसे, बाटलीसाठी आकारानुसार एक किंवा दोन रुपये अशी रक्कम तेव्हा जाहीर झाली. त्याच वर्षी अधिसूचनेत एकापाठोपाठ दुरुस्त्या करण्यात आल्या आणि व्यापारी व उद्योगांना सवलती मिळत गेल्या. किंमत छापणे सोपे असते, त्यासाठी छपाईचा साचा बदलला की काम भागते. रिकामी बाटली परत घेण्यासाठी मात्र जागा, माणूस, हिशेब आणि गाडी लागते. हा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाला उत्पादकाने विक्रेत्याकडे आणि विक्रेत्याने उत्पादकाकडे बोट दाखवले.

वास्तविक अनामत रकमेचा हा व्यवहार मराठी शहरांना नवा नाही. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून येई, त्या वेळी रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. पहाटे दूध केंद्रासमोर कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन उभी राहणारी रांग अनेक वाचकांना आठवत असेल. शीतपेयाची बाटली घरी न्यायची तर वाणी तिची अनामत घेई आणि बाटली परत आली की तेवढे पैसे मोजून देई. त्यासाठी ना कोणती जनजागृती मोहीम झाली, ना दंडाची तरतूद. बाटली देणारी खिडकी आणि ती परत घेणारी खिडकी एकच होती. भरलेले खोके आणणारी गाडी रिकामे खोके घेऊन जात होती आणि बाटली कंपनीला पुन्हा भरायची असल्याने ती परत यावी ही कंपनीचीच गरज होती. प्लास्टिकची पिशवी आली, हलके प्लास्टिक वाहतुकीला स्वस्त पडले आणि कंपनीची ती गरज संपली. रिकामे वेष्टन ही तेव्हापासून महापालिकेची, म्हणजे करदात्याची, जबाबदारी झाली.

या धोरणाचा अनुभव परदेशातही हेच सांगतो. जर्मनीने १ जानेवारी २००३ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या पेयांच्या बाटल्या व डबे यांवर अनामत सक्तीची केली. ती २५ सेंट आहे. सुरुवातीला मोठ्या दुकान-साखळ्यांनी पळवाट काढली. केवळ आपल्याच खास बाटल्या परत घेऊ, दुसऱ्यांच्या नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला. ग्राहकाला बाटली कोणत्या दुकानातली हे लक्षात ठेवावे लागे आणि स्वाभाविकच तक्रारी वाढल्या. मे २००६ मध्ये ही पळवाट बंद झाली. ज्या दुकानात प्लास्टिकच्या बाटलीतील पेय विकले जाते, त्याने कोणत्याही कंपनीची अनामत असलेली प्लास्टिकची बाटली परत घ्यायची, असा नियम झाला. दोनशे चौरस मीटरपेक्षा लहान दुकानांना थोडी मोकळीक आहे, त्यांनी स्वतः विकत असलेल्याच कंपन्यांच्या बाटल्या घेतल्या तरी चालते. अशा बाटल्या-डबे परत येण्याचे प्रमाण तेथे नव्वद टक्क्यांच्या बरेच वर आहे. २०२४ पासून दुधाच्या प्लास्टिक बाटल्याही या व्यवस्थेत आल्या.

कॅलिफोर्नियाची कथा नेमकी उलटी आहे. तेथील कायदा १९८६ चा, म्हणजे जर्मनीपेक्षा जुना. लहान बाटलीमागे पाच सेंट आणि मोठ्या बाटलीमागे दहा सेंट ग्राहक खरेदीच्या वेळीच भरतो. पैसे परत देण्याचे काम मात्र प्रामुख्याने स्वतंत्र संकलन केंद्रांवर सोपवण्यात आले. या केंद्रांचे पोट भंगाराच्या भावावर आणि सरकारी अनुदानावर अवलंबून होते. भंगाराचे भाव पडले, मजुरी वाढली, अनुदानाची घडी तेवढ्या वेगाने बदलली नाही. ५ ऑगस्ट २०१९ रोजी रीप्लॅनेट या तेथील सर्वांत मोठ्या कंपनीने आपली सर्व २८४ केंद्रे एका दिवसात बंद केली. ग्राहकांकडून अनामत घेणे त्या दिवशीही सुरूच होते, ती परत मिळण्याची जागा तेवढी अनेक वस्त्यांतून नाहीशी झाली. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि ज्यांना या नाण्यांची खरी गरज आहे, त्यांनाच दूरच्या केंद्रापर्यंत पिशव्या वाहून न्याव्या लागल्या. परत मिळत नसलेल्या अनामतीला लोक कर म्हणू लागले, तर त्यांना दोष कसा द्यावा?

आपल्याकडे याचा सर्वांत बोलका धडा निलगिरीने दिला आहे. जंगलात टाकलेल्या मद्याच्या बाटल्यांच्या काचांनी हत्तींचे पाय जखमी होत असल्याचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढे आले आणि न्यायालयाच्या आदेशानंतर मे २०२२ पासून तेथील सरकारी मद्य दुकानांत प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये जादा घेतले जाऊ लागले. बाटली परत केली की दहा रुपये परत. नव्वद टक्क्यांहून अधिक बाटल्या परत आल्या आणि योजना पुढे तमिळनाडूच्या इतर जिल्ह्यांतही नेण्यात आली. यात विक्रेता एकच, तोही सरकारी, ही मोठी सोय होती हे मान्य करावे लागेल. तरीही दुकानांतील कर्मचाऱ्यांनी विरोध केलाच. रिकाम्या बाटल्या ठेवायला जागा नाही आणि मोजायला माणूस नाही, ही त्यांची तक्रार अवाजवी नव्हती. केरळच्या सरकारी मद्य महामंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम आणि कण्णूरमध्ये बाटलीमागे वीस रुपयांची अशी योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. मद्यपी माणूस दहा-वीस रुपयांसाठी बाटली सांभाळून परत आणतो. रोज दूध घेणारी गृहिणी आणणार नाही, असे समजण्याचे कारण नाही.

आता थोडा पैशांचा हिशेब. एक कोटी पिशव्यांमागे पन्नास पैसे म्हणजे दिवसाला पन्नास लाख रुपये, वर्षाला १८० कोटींहून अधिक. पिशव्या कितीही प्रामाणिकपणे परत आल्या तरी दहा टक्के येणार नाहीत असे धरले, तर रोजचे पाच लाख रुपये कोणाच्या तरी खात्यात उरतील. ते दूध संघाचे, दुकानदाराचे, महापालिकेचे की संकलन केंद्रांचे? विधानसभेतील घोषणेत हा प्रश्न नव्हता. ज्या व्यवस्थेत न परतलेल्या अनामतीवर उत्पादकाचाच हक्क राहतो, तेथे बाटल्या कमी परत याव्यात यातच त्याचा फायदा असतो. धोरण आखणाऱ्यांनी सर्वप्रथम ही गाठ सोडवायला हवी होती.

दुसरा हिशेब कचरावेचकांचा आहे आणि तो शहरी वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. मंत्र्यांच्याच आकड्यांवरून पाहिले तर एका पिशवीचे वजन तीन ग्रॅमच्या आसपास येते. एका किलोत तीनशेहून अधिक पिशव्या बसतात. भंगारात या किलोला जो भाव मिळतो, तो दीडशे रुपयांच्या जवळपासही जात नाही. पण प्रत्येक पिशवीवर पन्नास पैशांचा परतावा खरोखर मिळाला, तर तोच किलो दीडशे रुपयांहून अधिक मोलाचा होईल. कचऱ्यात हात घालणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको. जर्मनीत लोक रिकामी बाटली कचरापेटीच्या आत न टाकता बाहेर ठेवतात, म्हणजे ती गोळा करणाऱ्याला पेटीत हात घालावा लागत नाही.

मात्र परतावा फक्त यंत्रात बाटली टाकणाऱ्यालाच किंवा फक्त मोबाइलवरच मिळणार असेल, तर चित्र पालटते. पाण्याच्या बाटल्या आज रस्त्यावर फारशा साचत नाहीत, याचे श्रेय कोणत्याही अधिसूचनेला नाही. त्या उचलणाऱ्या बायकांना आणि त्या विकत घेणाऱ्या भंगारवाल्यांना ते द्यावे लागेल. पुण्यात ‘स्वच्छ’ या संस्थेच्या तीन हजारांहून अधिक कचरावेचक सभासद महापालिकेसाठी घरोघरचा कचरा उचलतात आणि सुक्या कचऱ्याची विक्री हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग आहे. अनामतीची बाटली ग्राहकाने थेट मॉलमधील यंत्रात टाकली, तर त्यांच्या टोपलीतला सर्वांत मोलाचा माल नाहीसा होईल आणि उरेल तो न विकला जाणारा कचरा. संकलन केंद्र चालविण्याचे काम अशा संस्थांनाच देता येईल. कोणती वस्तू कोणत्या भावाने घ्यायची हे त्यांना कोणाकडून शिकावे लागणार नाही.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे नियम कडक केले. वेष्टनाचे प्लास्टिक गोळा करण्याची व त्यावर पुनर्प्रक्रिया करण्याची उद्दिष्टे ठरली. कठीण प्लास्टिकच्या वेष्टनात पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकचे प्रमाण २०२५-२६ मध्ये ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के असावे, असे बंधन आले. त्यामुळे स्वच्छ, न मिसळलेल्या बाटल्यांची गरज आता कंपन्यांनाही आहे. आरेच्या काळातील ती जुनी गरज वेगळ्या रूपाने परतली, असे म्हणता येईल. अनामतीची योजना राबविणे मात्र या नियमांत ऐच्छिक आहे. कंपनी ती राबवू शकते, राबवलीच पाहिजे असे नाही. कागदावरील प्रमाणपत्रे विकत घेऊन उद्दिष्ट गाठता येत असेल, तर ग्राहकासाठी खिडकी उघडण्याचा खटाटोप कोण करील?

या पार्श्वभूमीवर शेजारच्या गोव्याकडे लक्ष द्यायला हवे. त्या राज्याने २०२४ मध्ये बाटल्या, डबे आणि इतर वेष्टनांसाठी अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. योजना चालविणारा प्रशासक सरकार नेमणार आणि प्रत्येक वेष्टनावर स्वतंत्र सांकेतिक चिन्ह असणार, अशी तिची रचना आहे. एका बाटलीवर दोनदा परतावा घेता येऊ नये, हा त्या चिन्हाचा उद्देश. एवढ्याशा राज्यासाठी वेगळे चिन्ह छापणे आणि वेगळा साठा ठेवणे परवडणारे नाही, असा उद्योगांचा आक्षेप आहे. तो पूर्णपणे निराधारही नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडून आलेला पर्यटक पणजीत अनामत भरून घेतलेली बाटली सावंतवाडीत रिकामी करील, तेव्हा ती घेणारी खिडकी महाराष्ट्रात नसेल. आणि सिंधुदुर्गात विकली गेलेली, चिन्ह नसलेली बाटली गोव्याच्या किनाऱ्यावर पडली, तर तिच्यासाठी कोणीच पैसे भरलेले नसतील.